कानात बोलणारा वाटाड्या

कृतज्ञता हा मनुष्याच्या ठायी वसणाऱ्या गुणांपैकी एक अत्यंत कोमल गुण होय, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. ज्यांच्या हातचा घास खाऊन आपण वाढलो त्यांचे मन मोडू नये, असे वाटणे स्वाभाविकच आहे. परंतु ज्यांना तसे वाटते, आणि अंमळ जास्तच वाटते, त्यांच्यापुढे आयुष्यात कधीतरी एक अवघड प्रसंग उभा राहतो. 'तुम्ही म्हणाल तसं' हे शब्द त्यांच्या मुखातून आदराने निघतात, ऐकणारा ते तितक्याच प्रेमाने स्वीकारतो, आणि खरे काय ते बिचारे दोघांच्या मध्ये ताटकळत राहते. अशा वेळी मौन धरणे हा विनय की अपराध, याचा निवाडा करणे सोपे नसते. या कथेतील मुलीलाही ते सोपे गेले नाही.

ती आपल्या गावी ऐकू न येणाऱ्या माणसांचे कान तपासून त्यांना श्रवणयंत्रे बसवून देत असे. आईवडील तिच्या अजाणत्या वयातच निवर्तले होते. मामा आणि मामी यांनी तिला पोटच्या मुलीप्रमाणे वाढवले, शिकवले, आणि स्वतःला मूल नाही याचा उच्चारही तिच्यासमोर कधी केला नाही. मामी लाडाने तिला ठमी म्हणत. मामांची हयात पूल बांधण्यात गेली होती. निवृत्तीनंतरही कोणत्याही गावी गेले की ते देऊळ पाहण्यापूर्वी पुलाच्या पोटाखाली जाऊन वर पाहत.

त्या वर्षी मामांनी परदेशातील एका मोठ्या शहराची सहल ठरवली. सोबत गावातलीच वीसेक मंडळी होती. प्रवासाचे निमित्त शहर पाहण्याचे. परंतु त्यामागे दुसरेही एक निमित्त होते, आणि ते तिघांनाही ठाऊक होते. मामांचे एक जुने सहकारी सहकुटुंब त्याच शहरात स्थायिक झाले होते, आणि त्यांचा मुलगा लग्नाचा होता. मामांनी फोटो दाखवला तेव्हा ती "चांगला आहे" म्हणाली होती. फोटो खरोखरच चांगला होता.

आता त्या शहराविषयी. समुद्राला लागून काचेचे मनोरे उभे होते आणि त्यांच्या पायाशी जुन्या, रंगीत दारांच्या चाळी होत्या. प्रत्येक पाटीवर चार लिपी एकाखाली एक नांदत होत्या. रस्त्याने चालताना चार पावलांवर भाषा बदले, आणि कुणाला त्याचे नवल वाटत नसे. जमिनीखाली आगगाड्या धावत. इतक्या निःशब्द की दार उघडल्यावरच गाडी आली हे समजावे.

पहिल्याच सकाळी, या भुयारी स्थानकात, ती हरवली.

खरे तर ती हरवली नव्हती, थांबली होती. सहलीचा ठरलेला गाईड आजारी पडल्याने नवा गाईड स्थानकातच भेटणार होता. मंडळी पुढे गेली. इतक्यात हिच्या कानावर एक बारीक शिट्टी आली. नीट न बसलेले श्रवणयंत्र अशी शिट्टी वाजवते, आणि ती ऐकून न थांबणे हिला जन्मात जमले नसते. बाकावर एक परदेशी म्हातारी बसली होती. पांढरे केस, हातात भाजीची पिशवी. हिने खुणेने विचारले — पाहू का? म्हातारीने शंकेने पाहिले, मग मान तुकवली. हिने ते यंत्र अलगद काढले, नळीत अडकलेला कण पर्समधल्या चिमट्याच्या टोकाने बाहेर काढला, पुन्हा कानात बसवले आणि चुटकी वाजवली. म्हातारीचा चेहरा असा उजळला की भाषेची गरजच उरली नाही. तिने हिचा गाल दोन बोटांनी ओढला आणि काहीतरी लांबलचक बोलली. बहुधा आशीर्वादच असावा.

हिने वळून पाहिले तर मंडळी गाडीत चढलेली. ही धावली. आणि ऐन दारात, एक तरुण आतून बाहेर उडी मारून नेमका हिच्यासमोर उभा ठाकला. त्याच्या मागे दार मिटले. काचेपलीकडे मामी हात हलवीत दिसेनाशा झाल्या.

"अहो, काय हे!" ती संतापाने म्हणाली, "तुम्हाला नेमकं आत्ताच उतरायचं होतं? माझी गाडी गेली ना तुमच्यामुळे!"

तो धापा टाकीत होता. मराठी ऐकून त्याने सुटकेचा निःश्वास टाकला. "तुम्ही… ठमी का?"

"ठमी मला फक्त मामी म्हणतात. तुम्ही कोण?"

"गाईड. तुमच्या मामांनी सांगितलं, सगळे आले. मी सगळ्यांना चढवलं. मग मामी ओरडल्या, ठमी राहिली! म्हणून मी तुम्हाला न्यायला उतरलो."

तिने राग गिळला. मग म्हणाली, "आणि आता त्यांच्याबरोबर कोण आहे?"

त्याने बोगद्याकडे पाहिले. "…कोणीच नाही."

दोघेही एकमेकांकडे पाहत राहिली, आणि मग, हसू नये असा प्रसंग असूनही, दोघांनाही हसू आवरेना.

सहलीतील प्रत्येकाच्या गळ्यात एक लहान डबी आणि कानात इअरफोन असे; गाईडच्या गळ्यात माइक. तो बोले ते सर्वांच्या कानात पडे, मात्र उलट कुणाला त्याच्याशी बोलता येत नसे. त्याने घाईने माइक तोंडाशी धरला. "पुढच्या स्थानकावर उतरा. उतरून तिथंच थांबा. कुणीही शूरपणा करू नका."

"ऐकलं असेल त्यांनी?"

"अर्धं तरी."

"अर्धंच," ती माइककडे निरखून म्हणाली. "तो दिवा पाहा, लुकलुकतोय. खटका सैल झालाय तुमचा. 'शूरपणा करू' एवढंच गेलं असेल."

पुढच्या गाडीत चढल्यावर तिने त्याच्याकडून माइक मागून घेतला, पर्समधून चिमटा आणि पातळ चिकटपट्टी काढली, आणि गाडीच्या हेलकाव्यातही हात न हलू देता तो खटका पक्का करून टाकला. तो पाहत होता. स्थानकावरही त्याने पाहिलेच होते. मामी ओरडल्या त्याआधीच त्याची नजर त्या बाकाकडे गेली होती, असे त्याने नंतर कबूल केले.

"झालं," ती म्हणाली. "आता हा खटका हलणार नाही. दिवा सतत पेटलेला राहील. बंद करायचा असेल तर मागचं झाकण उघडून बॅटरीच काढायची. लक्षात राहील?"

"राहील."

"सगळे असंच म्हणतात."

"मी सगळ्यांतला नाही," तो म्हणाला, आणि मग आपणच बोललेल्या वाक्याने किंचित गोंधळून खिडकीकडे पाहू लागला. खिडकीत बोगद्याचा अंधार होता, आणि त्या अंधारात हिचेच प्रतिबिंब.

पुढच्या स्थानकावर मंडळी एका खांबाभोवती दाटीवाटीने उभी होती. सहलीतल्या एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी सर्वांना ओळीत उभे केले होते. मामा छताच्या तुळया न्याहाळीत होते. "सापडलीस का?" एवढेच म्हणून त्यांनी पुन्हा वर पाहिले, मामींनी मात्र तिला हृदयाशी धरले आणि लगेच दंडाला चिमटाही काढला.

*

पुढचे दिवस सहलीचे असतात तसे गेले. पाय दुखत आणि डोळे तृप्त होत. वाटाड्याचे आजोबा तरुणपणी या शहरात आले होते. घरात मराठी, गल्लीत एक भाषा, शाळेत दुसरी, बाजारात तिसरी, असे त्याचे बालपण गेले होते. तो इमारतींची उंची फारशी सांगत नसे. कुणाच्या खिडकीत कोणते फूल आहे, कोणता म्हातारा रोज कोणत्या बाकावर बसतो, हे सांगे. एका गल्लीत चार धर्मांची चार प्रार्थनास्थळे भिंतीला भिंत लावून उभी होती. तेथे तो माइकमध्ये अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "इथं एकाची प्रार्थना चालू असली की बाकीचे आपापली घंटा जरा थांबवतात. नियम नाही कुठला. सवय आहे." सर्वांच्या कानात ते वाक्य गेले, हिच्या कानातून ते कुठे खोल उतरले ते तिलाच ठाऊक.

खरेच, कानात बोलणाऱ्या माणसाचे एक विलक्षण असते. तो वीस पावलांवर पुढे चालत असतो, पाठमोरा. आणि त्याचा श्वासही आपल्याला ऐकू येतो. हिने आयुष्यभर दुसऱ्यांच्या कानांची काळजी वाहिली होती. स्वतःच्या कानाचे काय होऊ घातले आहे, हे मात्र तिच्या उशिरा ध्यानात आले.

जेवणाच्या वेळी तो न चुकता झाकण उघडून बॅटरी काढी आणि तिला लांबूनच दाखवी. ती मान हलवी. एवढेच. परंतु मुख्याध्यापिकाबाईंच्या नजरेतून काय सुटणार?

"सगळे मला गाईडदादा म्हणतात," एकदा बाजारातून चालताना तो सहज म्हणाल्यासारखे म्हणाला. "मामीसुद्धा. त्या नव्या जोडप्यातली वहिनीसुद्धा. तुम्ही तेवढ्या म्हणत नाही."

"मला लोकांना उगाच नाती लावायची सवय नाही."

"काकांना काका म्हणता. बाईंना बाई म्हणता."

"ते… ते वयानं मोठे आहेत."

"मीही मोठाच आहे थोडा."

"मग म्हणू का दादा?" तिने थांबून सरळ त्याच्याकडे पाहिले.

"नको!" तो इतक्या घाईने म्हणाला की शेजारच्या छत्रीवाल्याने दचकून वर पाहिले.

ती पुढे निघाली. ओठ घट्ट मिटलेले. हसू डोळ्यांतून सांडत होते.

मधल्या एका संध्याकाळी मामांचे सहकारी हॉटेलच्या दिवाणखान्यात चहाला आले. सोबत पत्नी आणि मुलगा. मुलगा एका मनोऱ्यात, वरच्या मजल्यावर, मोठ्या हुद्द्यावर होता. बोलणे मोजके, वागणे सभ्य. त्याने तिला कामाविषयी विचारले, तिने सांगितले. तिने त्याला विचारले, त्यानेही सांगितले. दोष काढावा असे काहीही नव्हते. दोन अनोळखी माणसे लिफ्टमध्ये जितक्या सौजन्याने उभी राहतात, तितक्याच सौजन्याने ती दोघे समोरासमोर बसली होती.

पाहुणे गेल्यावर मामांनी विचारले, "मग, बाळ? काय म्हणतेस?"

"तुम्ही म्हणाल तसं, मामा."

"अगं, माझं काय… तू म्हणशील तसं."

"तुम्ही निवडलं आहे म्हणजे विचार करूनच ना?"

"हो… म्हणजे तुला आवडलं म्हणूनच ना?"

"हो," ती म्हणाली. मामांनी मान डोलावली. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी सहकाऱ्यांना होकार कळवायचा, असे ठरले. मामींनी विणकाम काढले आणि चार ओळी विणून तीन उसवल्या.

*

त्या शहरात पाऊस कचेरीत येणाऱ्या कारकुनासारखा दुपारी ठरल्या वेळी येई. निघण्याच्या आदल्या दुपारीही तो आला, परंतु त्या दिवशी त्याला कामाचा उत्साह जास्त होता. मंडळी काचेच्या एका विशाल वनस्पतिगृहात होती. भोवती नेची, वर धुक्याचे फवारे. छत्र्या रस्त्यापलीकडे बसमध्ये राहिलेल्या.

"मी आणतो," वाटाड्या म्हणाला.

"एकट्याच्या हातात मावणार नाहीत," ती म्हणाली. हे खरे होते. आणि पुरेसे कारणही होते.

दोघे धावत पलीकडे गेली, छत्र्यांचे भारे उचलले, आणि परतताना पावसाची अशी सर आली की छत्री उघडूनही उपयोग नव्हता. ती दोघे बसथांब्याच्या छपराखाली थांबली. समोर रस्ता, रस्त्यापलीकडे काचेची भिंत, आणि तिच्याआड अंधूक हिरव्या रंगात आपली मंडळी. छपरावरून पाण्याच्या माळा ओघळत होत्या. तिच्या कपाळावर एक बट चिकटली होती. दोन्ही हातांत छत्र्या असल्याने तिने ती फुंकर मारून उडवण्याचा प्रयत्न केला. जमले नाही. त्याच्याही दोन्ही हातांत छत्र्या होत्या. त्याने नुसतेच त्या बटेकडे पाहिले, आणि मग पावसाकडे.

"उद्या जाणार," तो म्हणाला.

"हो."

"बाई सांगत होत्या… तुमचं ठरतंय इथंच. म्हणजे तुम्ही परत याल. राहायलाच."

"आज संध्याकाळी होकार कळवायचा आहे."

"आवडला का मुलगा?"

"चांगला आहे."

"मी ते नाही विचारलं."

तिने हातातला छत्र्यांचा भारा उगाच सावरला. पाऊस तिच्या वतीने बोलत राहिला.

"मामांनी आजवर माझ्याकडे काही मागितलं नाही," ती शेवटी म्हणाली. "मी आजारी पडले की रात्र रात्र बसून राहायचे, आणि सकाळी कामावर जायचे. मामींनी स्वतःच्या बांगड्या मोडल्या माझ्या शिक्षणासाठी, आणि मला सांगितलं, हात जड होतात म्हणून मोडल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी एक गोष्ट मनात धरली आहे. मी नाही कशी म्हणू?"

"पण मनात नाही तुमच्या?"

"नाही." शब्द निघाला आणि तिलाच नवल वाटले, की तो इतका लहान होता. "नाही माझ्या मनात. पण मला ते मामांना सांगता येत नाही. घशाशी येतं आणि… तिथंच अडतं."

तो सावकाश, एकेक शब्द तपासून घेतल्यासारखा बोलू लागला. "माझं कामच असं आहे की माणसं येतात, आठवड्यानं जातात. निरोपाची मला सवय आहे. हसून हात हलवतो, दुसऱ्या दिवशी नवी माणसं. या वेळी… या वेळी ती सवय काही कामाला येत नाहीये. पहिल्या दिवसापासून नाही. तुम्ही त्या आजींच्या कानापाशी वाकला होतात, तेव्हापासून नाही." त्याने घाईने पुढे जोडले, "तुम्ही काही उत्तर द्यायला पाहिजे असं नाही. तुमच्यावर आधीच पुष्कळ ओझं आहे."

"छत्र्यांचं?"

"छत्र्यांचंही."

ती हसली, आणि हसता हसताच तिचे डोळे भरून आले. "मला तुमचा आवाज इअरफोन काढल्यावरही ऐकू येतो," ती म्हणाली. "माझ्या धंद्यात याला आजार म्हणतात."

"औषध?"

"असलं तरी मला नकोय…"

त्याच वेळी तिची नजर सहज काचेच्या भिंतीकडे गेली. आणि तिथेच थबकली.

भिंतीपलीकडे सर्व मंडळी काचेला चिकटून उभी होती. मुख्याध्यापिकाबाई वर्गात धिंगाणा चालल्यासारखे दोन्ही हात हलवून स्वतःच्या कानाकडे बोट दाखवीत होत्या. नवपरिणीत जोडपे टाळ्या वाजवीत होते. एक काका इअरफोन कानात आणखी खोल ढकलीत होते, आणि त्यांच्या पत्नी तो ओढून काढीत होत्या. मामींनी पदर तोंडाला लावला होता.

तिने हळूहळू वाटाड्याच्या छातीकडे पाहिले. माइकचा दिवा संथ, अढळ, पेटलेला होता. तिनेच तर केला होता तसा.

"बॅटरी…" ती कुजबुजली.

तेही सर्वांना ऐकू गेले.

*

बसमध्ये इतकी शांतता कधीच नव्हती. एरवी खिडकीवरून भांडणारी माणसे एकमेकांना "तुम्ही बसा, तुम्ही बसा" म्हणत होती. वाटाड्या पुढे, चालकाच्या शेजारी, पाठमोरा बसला होता. त्याचे कान लाल झाल्याचे मागूनही दिसत होते. माइक, बॅटरी आणि झाकण अशा तीन वस्तू त्याने तीन वेगळ्या खिशांत ठेवल्या होत्या.

मामा खिडकीबाहेर पाहत होते. एक भलामोठा पूल आला आणि गेला. त्यांनी त्याच्याकडे नजरही टाकली नाही. मामांनीही सारे ऐकले, असे तिने गृहीत धरले. मामींनी तिचा हात हातात घेऊन नुसता दाबला.

हॉटेलच्या दारात मुख्याध्यापिकाबाईंनी तिला कोपऱ्यात ओढले. "हे बघ, रडू नकोस. तुझ्या मामांनी ऐकलेलं नाही."

"काय?"

"ते आत नव्हतेच गं! मागच्या बाजूला तो पादचारी पूल आहे ना, त्याच्याखाली जाऊन उभे होते. इअरफोन खिशात. मी स्वतः पाहिलं. आणि आम्ही सगळ्यांनी ठरवलंय, कुणी चकार शब्द काढायचा नाही. काकांना तर मी शपथ घातली आहे. तू निश्चिंत राहा. तुला हवं तसं कर."

तिला हायसे वाटायला हवे होते. बुडता बुडता हाताला काठ लागावा, तशी ती वाचली होती. मामा दुखावले नव्हते. होकार अजून देता येत होता. झाकली मूठ झाकलेलीच राहणार होती. परंतु बसमधली ती घटका, मामांना सारे कळले असे समजून काढलेली, तिला आठवली. त्या घटकेत भीतीच्या तळाशी आणखी काहीतरी होते, आणि ते काय होते हे तिला आता उमगले. सांगण्याचे काम परस्पर झाले, असे वाटून तिला हलके वाटले होते. आता ते काम पुन्हा तिच्यापाशी आले होते. वीस माणसांना जे माहीत होते ते एकट्या मामांना माहीत नसावे, हे तिला सहन होईना.

वाटाड्या बसच्या दाराशी उभा होता. "मी बोलू का मामांशी?" त्याने विचारले.

"नाही. हे मीच सांगायला हवं. तुम्ही फक्त… जवळपास असा."

मामा हॉटेलसमोरच्या लहान पुलावर उभे होते. पाऊस थांबला होता; खाली कालव्याच्या पाण्यात मनोऱ्यांचे दिवे एकेक करून उतरत होते. मामा कठड्यावर बोटांनी टकटक करीत होते.

"मामा, मला काही सांगायचं आहे."

"सांग की." त्यांनी वळून पाहिले नाही. "मीही फोनच करायला निघालो होतो. म्हटलं, जरा उभं राहावं आधी."

"मामा… मला ते स्थळ नको आहे."

टकटक थांबली.

"मुलात काही दोष नाही," ती भराभर बोलू लागली, थांबले तर पुन्हा अडेल या भीतीने. "तुम्ही किती आस्थेनं पाहिलंत, मला माहीत आहे. तुमचे मित्र आहेत, तुम्हाला अवघड होईल, तेही माहीत आहे. पण माझ्या मनात नाही. आणि… दुसरं कुणीतरी आहे मनात. आठवडाच झाला. तुम्ही रागवा, पण मी खोटं हो म्हणून तुमच्यासमोर उभी राहू शकत नाही."

मामांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. मग कठड्याला धरून ते एकदम पुलाच्या पायरीवरच बसले.

"मामा! बरं वाटत नाहीये का?"

"अगं, बरं वाटतंय!" ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज भरून आला. "किती दिवसांनी बरं वाटतंय! इथं आल्यापासून माझ्या डोळ्याला डोळा नाही, पोरी. तू फोटो पाहून चांगला आहे म्हणालीस. मला वाटलं, तुझ्या मनात भरलाय. म्हणून मी पुढं झालो. त्या संध्याकाळी तू हसलीसच नाहीस एकदाही. मी मनात म्हटलं, हे काही खरं नाही. पण तूच हो म्हणालीस. आता मी कोण मोडता घालणारा? तुझ्या मामीला विचार. रोज तिचं डोकं खातोय, पोरीला खरंच हवंय ना हे?"

"आणि मी तुमच्यासाठी…"

"आणि मी तुझ्यासाठी!" मामांनी कपाळावर हात मारला. "काय ही दोन शहाणी माणसं! एकमेकांना पालखीत बसवून नको त्या गावाला निघालेली!"

ती त्यांच्या शेजारी पायरीवर बसली आणि लहानपणी रडे तशी, आवाज करून रडली. मामांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. रडण्याचे हसू केव्हा झाले ते दोघांनाही कळले नाही.

"आणि तो दुसरा कोण?" जरा वेळाने मामांनी विचारले. "एका आठवड्यात? आठवडाभर तर आपण त्या गाईडच्या मागं…" ते थांबले. पुलाच्या टोकाशी कुणीतरी छत्री उघडून उभे होते, पाऊस नसताना. "अच्छा!"

"मामा, तुम्ही सोडून सगळ्यांना माहीत आहे. ते चुकून झालं. माझ्याच हातानं झालं." तिने सारी हकीकत सांगितली. मामा इतके हसले की पुलावरून जाणाऱ्या दोन परक्या बायकाही, काही न समजता, हसत पुढे गेल्या.

"या इकडे," त्यांनी हात वर केला. "आणि ती छत्री मिटा आधी!"

वाटाड्या आला. छत्री मिटायला त्याला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

"वीस माणसांच्या कानात बोललात," मामा म्हणाले, "आता या एकविसाव्याच्या कानात बोला. काय म्हणणं आहे तुमचं?"

"माझं… तेच म्हणणं आहे. सगळ्यांनी ऐकलं ते."

"ते मी ऐकलेलं नाही. पहिल्यापासून सांगा."

त्याने सांगितले. अडखळत, मान खाली घालून, परंतु एकही शब्द न गाळता. आई आहे, धाकटी बहीण आहे, घर लहान आहे, काम असे पायांवरचे आहे, हेही सांगितले. मामा ऐकत राहिले. ती कालव्याकडे पाहत होती, परंतु तिचे लक्ष पाण्याकडे नव्हते.

"आठवडा फार थोडा असतो," मामा शेवटी म्हणाले. "मी तुम्हाला ओळखत नाही, आणि ती तरी कुठं पुरती ओळखते? तेव्हा आज हो नाही आणि नाहीही नाही. तुम्ही आमच्या गावी या. आईला घेऊन या. राहा चार दिवस. वर्षभर एकमेकांशी बोला, भांडा, पुन्हा बोला. मग दोघांना जे वाटेल ते मला सांगा. खरं काय ते सांगा, म्हणजे झालं."

"येईन," तो म्हणाला.

"आणि एवढ्या लांब पोरगी पाठवायची माझी छाती आहे की नाही, तेही मला वर्षभरात बघू द्या," मामा पुटपुटले, आणि फोन काढून पुलाच्या पलीकडच्या टोकाला गेले. त्यांनी आपल्या सहकाऱ्यांना सरळ सांगितले; कसलीही सबब पुढे केली नाही. पलीकडून सहकाऱ्यांनी इतकेच म्हटले, की वेळेवर सांगितलेत, आभारी आहोत, आणि पुन्हा याल तेव्हा चहाला मात्र घरीच यायचे. मामांनी फोन खिशात ठेवला आणि दीर्घ श्वास घेतला. मैत्री शाबूत होती.

दुसऱ्या दिवशी विमानतळावर निरोप झाला. मंडळींनी आपापले इअरफोन परत केले. एका काकांना ते देववेना. दोघांना बोलायला फारसा वेळ मिळाला नाही, कारण वीस माणसे त्यांना एकांत देण्यासाठी भोवती कडे करून पाठ फिरवून उभी होती.

"पोहोचलात की कळवा," तो म्हणाला.

"कळवीन. आणि…" ती घुटमळली. "कळवते रे."

त्या एका 'रे'ने त्याच्या चेहऱ्यावर जे उमटले, त्यासाठी तिने पुन्हा एकदा मागे वळून पाहिले. आणि मामींनी तिला हाताला धरून पुढे नेले.

विमानाने धावपट्टी सोडण्यापूर्वीच मामा झोपी गेले. मान एका बाजूला कललेली, तोंड किंचित उघडे, चेहऱ्यावर कसलीही आठी नाही. तिने त्यांच्या अंगावर शाल सारखी केली आणि खिडकीतून खाली पाहिले. मनोरे लहान होत होत ढगांत विरून गेले.

परमेश्वर त्या वृद्धाला अशीच निर्धास्त झोप देवो. मामींनी उसवलेले विणकाम त्यांच्या हातून सुखाने पूर्ण होवो. आणि समुद्राच्या दोन तीरांवर वर्षभर वाट पाहणाऱ्या त्या दोघांना धीर लाभो, त्यांचे कल्याण होवो.